हृदयासाठी चालायला लागताय? सोलापूरकरांचे पहिले तीन महिने

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो त्या सुमारास सकाळच्या रस्त्यांवर नवेकोरे बूट दिसायला लागतात. होळी येईपर्यंत त्यातले बरेचसे जिन्याखाली गेलेले असतात. माणसं आळशी असतात म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. पहिल्याच दिवशी तासभर चालायचं, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या की आठवडाभर सुट्टी, मग पुन्हा जोरात, मग गुडघा, आणि तेवढ्यात ऊन सुरू. हा लेख त्या माणसासाठी आहे ज्याने आजवर नियमाने व्यायाम केलेला नाही, वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढे आहे, आणि घरात कोणाचा तरी बीपी, शुगर किंवा अँजिओप्लास्टी निघाल्यावर ज्याच्या मनात आपल्याही हृदयाचा विचार आला आहे.

आकडा आधीच सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. पण हे तुमचं पहिल्या आठवड्याचं काम नाही, तिथे दोन महिन्यांनी पोचायचं आहे.

रोज का, रविवारी एकदम का नाही

बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर रक्त पुढे ढकलतं, मिनिटाला सुमारे पाच लिटर. चालताना पायाच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, म्हणून ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोक्यामागचं रक्तही. काही आठवडे हे नियमाने झालं की हृदयाला तेवढंच काम कमी ठोक्यांत जमायला लागतं. दुसरीकडे, रक्त जोरात वाहिलं की धमन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, धमन्या सैलावतात, आणि व्यायामानंतर काही तास बीपी थोडा खाली राहतो. स्नायू रक्तातली साखर जास्त सहज ओढून घेतात, आणि हा परिणाम एक ते दोन दिवस टिकतो.

एक ते दोन दिवस, मग तो ओसरतो. म्हणून या लेखातला एकच नियम पाठ करा : एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. किती चाललो, किती वेगात, कोणते बूट, हे सगळं त्याच्या नंतर. पाणी सुटायचा दिवस, लग्नसराई, पाहुणे, महिनाअखेरची धावपळ, असं काही ना काही निघणारच. त्या दिवशी गच्चीवर दहा मिनिटं चाला. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची असं सांगत, आता ती अटही राहिलेली नाही.

“मी तर दिवसभर उभाच असतो”

यंत्रमागावर काम करणारे हे हमखास म्हणतात. दुकानदारही म्हणतात. दिवसभर उभं राहून पाय दुखतात, पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा एक अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसलं की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. गाडी तीच, ड्यूटी तीच, फरक हालचालीचा. व्यायाम आणि हृदय यांचं नातं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक.

आपल्याकडे सगळ्यात जास्त बसणं बिडी वळणाऱ्या बायकांचं. मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांना ‘सकाळी बागेत जा’ सांगणं म्हणजे त्यांचं घर न बघता दिलेला सल्ला. त्यांनी पानं कातरून झाली की पाच मिनिटं, एक बंडल बांधून झालं की पाच मिनिटं, असं उठून बोळात झपाझप चालावं. दिवसातून पाच-सहा वेळा झालं तर अर्धा तास भरतो.

पहिली पायरी : डॉक्टरांकडे एक चक्कर

तब्येत ठणठणीत असेल आणि फक्त चालायचंच असेल तर बहुतेकांना कसलीही परवानगी लागत नाही. पण बीपी किंवा मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेट असेल, जिना चढताना छातीत दाटून येत असेल, चक्कर येऊन पडला असाल, किंवा वडील-भाऊ पंचावन्नच्या आत, आई-बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील, तर आधी दाखवा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटली तर ईसीजी, एवढंच असतं. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाने तो खाली आणायचा, मग बूट.

तिथे गेल्यावर दोन प्रश्न नक्की विचारा, कारण बरेचदा आपण विचारत नाही आणि डॉक्टरांना वेळ नसतो. पहिला : माझ्या गोळ्यांत नाडी हळू करणारी गोळी आहे का? मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या जातीची गोळी असेल तर कितीही चाललात तरी नाडी फार वर जात नाही, आणि घड्याळात आकडा वाढत नाही म्हणून माणूस उगाच पळत सुटतो. दुसरा : चालताना माझी शुगर घसरू शकते का? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची घसरू शकते. त्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असू द्यावी. हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की जागीच बसून ती खायची. “घरी जाऊन खातो” म्हणायचं नाही.

दुसरी पायरी : जागा आणि वेळ

शहरात जागा आहेत. सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर, पार्क चौकाची बाजू, विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव. जुळे सोलापुरात मोकळे प्लॉट आणि आतले रस्ते आहेत. पण सगळ्यात चांगली जागा कोणती विचाराल, तर तुमच्या दारापासून पाच मिनिटांवरची. गाडी काढून जावं लागलं की पावसाच्या पहिल्या सरीला माणूस घरी बसतो. हायवेच्या कडेने मात्र चालू नका. धूर, धूळ आणि मागून येणारे ऊस भरलेले ट्रॅक्टर, तिन्ही हृदयाला चांगले नाहीत. कुत्र्यांसाठी हातात काठी असली की निम्मी धास्ती कमी होते.

वेळेच्या बाबतीत सोलापूरचं ऊन ठरवेल ते खरं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जाणं आपल्याला नवं नाही. उन्हात अंग थंड ठेवायला हृदयाला कातडीकडेही रक्त पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त पळते. मे महिन्यात पावणेसहाला उजाडतं. सातच्या आत घरी परत यायचं. संध्याकाळी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, म्हणून साडेसातनंतर. निघायच्या आधी ग्लासभर पाणी प्या, परत आल्यावर आणखी. लघवी वाढवणारी गोळी, जिला आपण पाण्याची गोळी म्हणतो, ती चालू असेल तर उन्हाळ्यात किती पाणी आणि मीठ हे डॉक्टरांनाच विचारा. मिठाचा ताक-सरबतवाला सल्ला बीपीवाल्यांना सरसकट लागू होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सातला उजाडतं आणि थंडीत धमन्या आकसतात. ज्येष्ठांनी पहाटे पाचचा हट्ट सोडावा, ऊन पडल्यावर निघावं.

बुटांवर फार लिहीत नाही. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट, तळवा मऊ. साडी नेसून चालणाऱ्यांनी चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घेतली तरी पुरतं. मधुमेह असेल तर अनवाणी नको, आणि घरी आल्यावर तळपाय बघायचा.

तिसरी पायरी : दम किती लागायला हवा

रमतगमत, फोनवर बोलत, ओळखीच्या प्रत्येकाजवळ थांबत केलेली फेरी मनाला छान असते. हृदयाच्या खात्यात ती थोडीच जमा होते. दुसऱ्या टोकाला धापा टाकत पळणं. आपल्याला मधलं पाहिजे, आणि ते ओळखायची साधी खूण अशी : चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं जमतंय तर वेग वाढवा, दोन शब्दांवर श्वास तुटतोय तर कमी करा. गप्पा मराठीत चालू असोत, तेलुगूत की कन्नडात, चाचणी हीच.

आकडा हवाच असेल तर २२० मधून वय वजा करा. पन्नाशीच्या माणसाचे १७० आले. त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला ८५ ते ११९ ठोके, हा मध्यम दमाचा पट्टा. हा हिशेब ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात; नाडी हळू करणारी गोळी असेल तर तो सोडूनच द्या.

नाडी मोजायला शिका, घड्याळ विकत घेण्याआधी. तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आणि तंबाखूच्या आधीची नाडी वहीत लिहा. ठोके एका लयीत न पडता वेडेवाकडे पडत असतील तर तेही लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

चौथी पायरी : बारा आठवडे

सिद्धेश्वराचे नंदीध्वज पेलणारे यात्रेच्याच दिवशी पहिल्यांदा काठी उचलत नाहीत. आधी कित्येक दिवस सराव चालतो, खांदा-कंबर तयार होते, तेव्हा कुठे संक्रांतीला तो भार पेलतो. चालण्याचंही तसंच वाढवत न्यायचं.

पहिले दोन आठवडे पाच दिवस, फक्त पंधरा मिनिटं. त्यातली पहिली पाच हळू, मधली पाच जरा झपाझप, शेवटची पाच पुन्हा हळू. “एवढ्याने काय होतंय?” असं वाटेल. वाटू द्या. या दोन आठवड्यांत हृदयापेक्षा वेळेची सवय लावायची आहे, आणि पोटरीच्या, टाचेच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांना, तयार व्हायला वेळ द्यायचा आहे. त्या हृदयाच्या मानाने सावकाश तयार होतात, आणि नवशिक्यांचं चालणं सुटतं ते टाचदुखीनेच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मधला झपाझप भाग दहा मिनिटांचा करा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत दर आठवड्याला त्यात साधारण तीन-चार मिनिटं घाला, म्हणजे आठव्याच्या शेवटी आगेमागेची दहा मिनिटं धरून पस्तीस मिनिटांवर याल. एखाद्या आठवड्यात जड गेलं तर तोच आठवडा पुन्हा करा. नववा ते बारावा आठवडा वेळ वाढवू नका, दम वाढवा : मध्येच एक मिनिट खूप वेगात, दोन मिनिटं नेहमीच्या, असं चार-पाच वेळा. आपलं गाव बऱ्यापैकी सपाट, चढ शोधावा लागतो; त्यासाठी जिना आहे. अपार्टमेंटचे दोन-तीन मजले सावकाश चढणं आणि उतरताना कठडा धरणं.

शेवटची हळू पाच मिनिटं गाळू नका. झपाझप चालताना पायातल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात, आणि पायाचे स्नायू दाबून दाबून रक्त वर पाठवत असतात. एकदम थांबून कट्ट्यावर टेकलात की रक्त पायातच साचतं, बीपी पटकन खाली येतो, चक्कर येते.

ताप, जुलाब किंवा अंग मोडून आलं असेल तर पूर्ण सुट्टी. तापात व्यायाम केल्याने हृदयाच्या स्नायूला सूज असलीच तर ती वाढू शकते. दोन दिवसांचा नियम इथे लागू नाही. बरं झाल्यावर जिथे थांबलात त्याच्या दोन आठवडे मागून सुरू करा.

पाचवी पायरी : ताकदीचे दोन दिवस

पाचव्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा, घरातच पंधरा-वीस मिनिटं. जिमची फी भरायची गरज नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी बांधा आणि हात न टेकता उठा. तितक्याच सावकाश बसा. दहा वेळा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग भिंतीपासून हातभर मागे उभं राहून भिंतीवरचे दंड दहा. कठडा धरून टाचा उचलणं पंधरा. अर्ध्या-पाऊण लिटर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्यावरून वर. शेवटी आपल्याच गावचा टॉवेल : दोन्ही टोकं धरून हात डोक्यावरून मागे-पुढे नेले की बसून आखडलेले खांदे सुटतात. दोन फेऱ्या झाल्या की पुरे.

जोर लावताना श्वास सोडा, रोखू नका. दात-ओठ खाऊन श्वास कोंडला की बीपी क्षणात उसळतो. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम, ते संथ घातले तर ताकद आणि भरभर घातले तर दम, दोन्ही होतं. पण बीपी काबूत नसेल तर डोकं खाली जाणाऱ्या आसनांना थोडे दिवस थांबा.

कधी जागीच थांबायचं

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं वाटणं, ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, गार घाम, एकदम मळमळ, नेहमीच्या वेगाला न लागणारा दम. चालताना येतं आणि थांबल्यावर जातं, असं असलं तरी त्याच दिवशी दाखवा. थांबूनही पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन करा. बायकांत आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, दम किंवा पित्तासारखी जळजळ एवढंच असू शकतं. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा-सोडा घेऊन पडून राहण्यात मोलाचा वेळ जातो. आणि अशा माणसाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, स्वतः तर गाडी चालवूच नका.

चालून आल्यानंतरचं

अर्धा तास झपाझप चालून साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवर एक प्लेट वडे आणि दोन साखरेचे चहा झाले की हिशेब उलटा फिरला. नाश्ता सोडू नका म्हणतोय, फक्त चालणं हे वड्याचं लायसन समजू नका. चुरमुऱ्यांचा सुशीला बरा, ज्वारीची भाकरी त्याहून बरी. शेंगदाणा चटणीत मीठ जपून. गालात मावा ठेवून तलावाला फेऱ्या मारणारेही रोज दिसतात. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, आणि आपण ते उतरावेत म्हणून चालतोय. निदान निघायच्या आधीची आणि आल्यानंतरची पुडी बंद करून सुरुवात करा.

फरक कधी दिसतो? झोप आणि जिन्याचा दम तीन-चार आठवड्यांत. सकाळची नाडी दोन-तीन महिन्यांत पाचेक ठोक्यांनी उतरलेली बऱ्याच जणांना दिसते. ज्यांचा बीपी जास्त आहे त्यांचा वरचा आकडा साधारण पाच-सात अंकांनी खाली येऊ शकतो. वजन मात्र हलेलच असं नाही, आणि त्यावरून निराश होऊ नका. वजन तेवढंच राहिलं तरी हृदयाला फायदा होतो. आकडे सुधारले म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. वही घेऊन जा, डॉक्टरांना ठरवू द्या. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी बारा आठवड्यांचा हा तक्ता स्वतःहून लावून घेऊ नये. त्यांनाही चालायचंच असतं, पण किती आणि कधी वाढवायचं हे त्यांच्या तपासण्या बघून ठरतं, तेव्हा डिस्चार्जच्या वेळीच तसं लिहून मागा.

तीन महिन्यांनंतर कोणी सायकल काढतो, कोणी पोहायला लागतो. काहींच्या मनात आषाढीला पायी पंढरपूर असतं. इथून ते सत्तरेक किलोमीटर, आणि वर्षभर न चालता दिंडीत शिरणाऱ्यांचे पाय पहिल्याच मुक्कामाला बोलतात. त्यासाठी एप्रिलपासून आठवड्यातली एक फेरी थोडी थोडी लांबवत जूनपर्यंत दोन तासांवर आणा. पायात जे घालून जाणार ते महिनाभर आधीच वापरून मऊ करून घ्या, आणि रोजच्या गोळ्या वाटेत चुकणार नाहीत अशा दोन पिशव्यांत विभागून ठेवा, एक तुमच्याजवळ, दुसरी सोबत्याकडे.